भारतातील कॅन्सर ट्रायल्सची राष्ट्रीय व्यवस्था सुधारायची असेल, तर सुरुवात कुठून करावी?

आपण विचारले आहे की, भारतात कॅन्सरच्या क्लिनिकल ट्रायल्स, म्हणजे रुग्णांवर उपचार पडताळून पाहणारे अभ्यास, जास्त संख्येने आणि जास्त चांगल्या व्हाव्यात यासाठी परवानग्या सोप्या कराव्यात, की अमेरिकेसारखी एखादी मध्यवर्ती राष्ट्रीय यंत्रणा उभारावी. माझे उत्तर आधीच सांगते. यंत्रणा एक असावी की अनेक, हा दुय्यम मुद्दा आहे, आणि परवानग्यांची तक्रार आता बरीचशी शिळी झाली आहे. आपल्याकडे ट्रायल खऱ्या अर्थाने मोडते ती रुग्ण दाखल झाल्यानंतर, कारण पुढची काही वर्षे त्याला ठरलेल्या दिवशी परत येता यावे यासाठी ना पैसे धरलेले असतात, ना माणूस नेमलेला असतो. मी एका जिल्ह्याच्या गावातील धर्मादाय कॅन्सर रुग्णालयात ट्रायल कोऑर्डिनेटर म्हणून काम केले आहे आणि नेमक्या याच मुद्द्यावर एका नामवंत डॉक्टरांशी झालेला माझा वाद अजून मनातून गेलेला नाही, त्यामुळे या उत्तराकडून तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नये.

परवानग्यांविषयी थोडक्यात लिहिते. २०१३ मध्ये ट्रायल्समधील गैरप्रकारांवरून सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या प्रकरणानंतर नियम एकदम कडक झाले. संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण आले, २०१४ मध्ये एका संशोधकाला एका वेळी तीनच ट्रायल्स अशी मर्यादा आली आणि २०१६ मध्ये ती उठलीही. त्या काळातील तक्रार खरी होती. परंतु मार्च २०१९ च्या नव्या नियमांनी भारतात शोधलेल्या औषधाच्या ट्रायलसाठीच्या अर्जावर ३० कामकाजाच्या दिवसांची मुदत घातली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आधीच मान्यता असलेले औषध नव्या आजारासाठी किंवा नव्या डोसमध्ये केवळ संशोधनासाठी वापरून पाहायचे असेल, तर केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी न लागता एथिक्स कमिटीची, म्हणजे ट्रायल नैतिकदृष्ट्या योग्य आहे का हे तपासणाऱ्या समितीची, मान्यता पुरते. म्हणजे ज्या ट्रायल्सची देशाला सर्वाधिक गरज आहे, त्यांच्यासाठी मोठे दार उघडेच आहे. अनेक केंद्रांची ट्रायल असेल तर प्रत्येक केंद्राची कमिटी तोच प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा लेखी आराखडा, नव्याने वाचते आणि प्रत्येकीला वेगळा स्वल्पविराम हवा असतो, हा त्रास मात्र अजून शिल्लक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सामाईक परीक्षणाची सोय दिली आहे, ती वापरण्याची इच्छा मात्र फारच थोड्या संस्थांना आहे.

देशाला गरज असलेल्या ट्रायल्स कोणत्या, हेही स्पष्ट केले पाहिजे. कंपनीची ट्रायल आली की तिच्याबरोबर नोंदी तपासणारा मॉनिटर येतो, विमा येतो, रुग्णाच्या गाडीभाड्याचे पैसेही येतात. अडतात त्या ट्रायल्स ज्यांच्या उत्तरातून कोणालाच नफा होणार नाही. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशातील ११ केंद्रांवर झालेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ट्रायलमध्ये शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती लिडोकेन हे जुने, स्वस्त भुलीचे औषध टोचले गेले, आणि पाच वर्षे आजाराशिवाय राहणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ८२.६ टक्क्यांवरून ८६.६ टक्क्यांवर गेले. सुमारे १,६०० स्त्रियांची ही ट्रायल लिडोकेन विकणाऱ्या कोणत्या कंपनीने केली असती? डोके व मानेच्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी अवघे २० मिलिग्रॅम, तेही दर तीन आठवड्यांनी, तोंडाने घ्यायच्या औषधांच्या जोडीला दिले, तेव्हा एक वर्ष जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. आपले औषध इतके कमी दिले तरी उपयोगी पडते, हे सिद्ध करण्यासाठी कोणताही उत्पादक खिशात हात घालणार नाही. राष्ट्रीय व्यवस्था हवी ती अशा प्रश्नांसाठी.

तोंडाच्या कॅन्सरची अशीच एक ट्रायल आमच्या रुग्णालयाकडे आली होती. मुख्य केंद्र मोठ्या शहरातील एक नावाजलेली संस्था, आणि आम्ही सहभागी केंद्रांपैकी एक. तंबाखू आणि मिश्रीच्या कृपेने रुग्णांची आमच्याकडे वानवा नव्हती, त्यामुळे रुग्ण दाखल करण्यात आम्ही पुढे होतो आणि तोवर सर्वांच्या कौतुकाचा विषय होतो. अडचण दिवाळीनंतर सुरू झाली. आमचे बरेच रुग्ण ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील होते. ही कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन हंगामाला बाहेर पडतात ती उन्हाळ्यातच परततात. तोडणीचा हिशेब जोडीवर असतो, त्यामुळे नवरा दवाखान्यात गेला की बायकोचेही काम थांबते, आणि कामाचा दिवस चुकला की खाडा, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर गेलीच, वर दंडही कापला जातो. रुग्ण स्वतः कोयता धरण्याच्या अवस्थेत नसला तरी तो कुटुंबाबरोबरच जातो, कारण गावातील बंद घरात त्याला भाकरी करून घालणारे कोणी मागे उरलेले नसते.

अशा एका गृहस्थांची, त्यांना मी मामा म्हणत असे, उपचार संपल्यानंतरची तपासणी ऐन हंगामात येत होती. त्यांचा स्वतःचा फोन नव्हता. संमतीपत्राच्या मागे नातेवाइकाचा म्हणून जो क्रमांक लिहिला होता, तो मुकादमाचा निघाला. मी त्यांना फोन करून सीटी स्कॅनची तारीख सांगितली. ते शांतपणे म्हणाले, “ताई, पाठवतो की त्याला. पण त्याच्या लेकाला बरोबर यावं लागंल. त्या दोघांचा खाडा कोण भरणार, तेवढं सांगा.” प्रोटोकॉलमध्ये स्कॅनमधील प्रत्येक कापाची जाडी किती मिलिमीटर असावी हे लिहिलेले होते, रक्ताची नळी किती मिनिटांत यंत्रात फिरवावी हे लिहिलेले होते, मुकादमाच्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही परिशिष्टात नव्हते. मामा हंगाम संपल्यावर आले, तेव्हा मानेत नवी गाठ होती. ती केव्हा आली हे कोणालाच सांगता येत नव्हते, त्यामुळे ती सापडली तो दिवस हाच आजार उलटल्याचा दिवस म्हणून नोंदवला गेला. नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे. परंतु अशा नोंदी वाढत गेल्या की जो उपचार प्रत्यक्षात लवकर निष्प्रभ होतो तोही कागदावर काही महिने जास्त टिकल्यासारखा दिसतो, आणि मामांचा पुढचा उपचार लांबला तो वेगळाच.

त्यानंतर मी आमच्या प्रमुख संशोधकांच्या संमतीने प्रोटोकॉलमध्ये एक दुरुस्ती तयार केली. रुग्ण आणि सोबतचा एक माणूस यांचा एसटीचा प्रवासखर्च आणि त्या दिवसाची किमान मजुरी, एवढीच मागणी होती. एथिक्स कमिटीने ती प्रलोभन म्हणून फेटाळली. पैसे दिले की माणूस पैशासाठी ट्रायलमध्ये येतो, असे एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे होते. वास्तविक सहभागी व्यक्तीची बुडालेली मजुरी आणि प्रवासासारखा किरकोळ खर्च भरून द्यावा, असे आयसीएमआरची तत्त्वे स्पष्टपणे सांगतात, आणि तो परिच्छेद मी बैठकीत वाचून दाखवला होता. प्रलोभन म्हणजे ज्याच्या मोहाने माणूस स्वतःचा धोका विसरेल असे काही. तिकिटाचे पैसे परत मिळाल्याने कोणी आपल्या गळ्यावरची गाठ विसरत नाही. शिवाय उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला भारतीय रेल्वे स्लीपरचे भाडे पूर्ण माफ करते आणि सोबत्यालाही मोठी सवलत देते. सरकारने दिले तर सवलत आणि ट्रायलने दिले तर प्रलोभन, हे तर्कशास्त्र मला आजही पटलेले नाही. कमिटीने शेवटी मुख्य केंद्राचे पत्र मागितले आणि विषय तिकडे गेला.

मुख्य केंद्रात सर्व संशोधकांची बैठक झाली, तेव्हा वर ज्यांचा उल्लेख केला त्या डॉक्टरांनी पडद्यावर केंद्रनिहाय आकडे दाखवले आणि आमच्या केंद्रापुढे लाल रंग होता. त्यांचे म्हणणे असे की, गावाकडचे रुग्ण फॉलो-अपला, म्हणजे उपचारानंतरच्या तपासण्यांना, येत नाहीत, हे जुने सत्य आहे. ट्रायल चालवायला शिस्त लागते, दयाळूपणा नाही. म्हणून लहान केंद्रांनी रुग्ण मोठ्या केंद्रांकडे पाठवावेत आणि स्वतः ट्रायल चालवण्याच्या फंदात पडू नये. मी खाड्याचा हिशेब सांगू लागले, तेव्हा हा सामाजिक कार्याचा विषय आहे, पुढचा मुद्दा घ्या, असे सांगण्यात आले. पुढे प्रवासखर्च मंजूर झाला आणि मजुरीची ओळ कापली गेली. जे रुग्ण गावातच राहणारे होते ते त्यानंतर बहुतेक नियमित येऊ लागले. जे हंगामाला जात होते त्यांच्या बाबतीत फारसा फरक पडला नाही. यावरून अडथळा शिस्तीचा होता की मजुरीचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

रुग्ण सुटण्याला इतके महत्त्व का, हे वाचकांपैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल, तरी एक गोष्ट सांगते, कारण ती अनुभवी संशोधकही नजरेआड करतात. जगण्याच्या प्रमाणाचा आलेख काढताना जो रुग्ण मधूनच दिसेनासा झाला, त्याचे पुढे काय झाले असेल ते इतर रुग्णांसारखेच झाले असेल, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक तेव्हाच खरे ठरते, जेव्हा सुटण्याचा आणि आजाराचा काही संबंध नसतो. आपल्याकडे तो बहुधा असतो. जो फार खंगला आहे, ज्याच्या घरात सोबत येणारे कोणी नाही, ज्याची उचल फिटलेली नाही, तोच आधी सुटतो, आणि अनेकदा तो वारलेला असतो व आपल्याला कळलेले नसते. मग आलेख सुंदर दिसतो. लाल रंगातले आमचे केंद्र निदान आपली माणसे सुटली हे सांगत तरी होते.

गावाकडचे रुग्ण येत नाहीत, या वाक्याला माझे खरे उत्तर बार्शीत आहे. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील गावांसाठी १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, आणि ती चालली ती कर्मचारी स्वतः गावोगावी जाऊन, गावातील जाणत्या माणसांना भेटून, संशयित रुग्णांना शोधत राहिले म्हणून. पुढे त्याच भागात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची ट्रायल झाली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया तिच्यात होत्या, त्यांची आठ वर्षे नोंद ठेवली गेली, आणि ज्याच्यामुळे हा कॅन्सर होतो त्या एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली चाचणीही या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा मागोवा आठ वर्षे घेता येतो, तर तोंडाच्या कॅन्सरच्या मूठभर रुग्णांचा का घेता येणार नाही? फरक एवढाच की, तिथे चालत जाणे हे कर्मचाऱ्यांचे काम मानले होते आणि त्याचा पगार धरला होता. आमच्या प्रोटोकॉलमध्ये चालत येणे हे रुग्णाचे काम होते.

पगाराचा विषय निघालाच आहे, तर तोही बोलून टाकते. सरकारी संशोधन अनुदान साधारणपणे तीन वर्षांचे असते, आणि कॅन्सरमधील अनेक प्रश्नांचे उत्तर पाच वर्षांच्या आत मिळत नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतील गाठी आधीच काढाव्यात की दिसल्यावर काढाव्यात, हे ठरवणाऱ्या टाटा मेमोरियलच्या ट्रायलमध्ये रुग्ण घेण्याचे काम २००४ मध्ये सुरू झाले ते २०१४ पर्यंत चालले. गाठी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के आणि थांबून काढलेल्यांपैकी ६७.५ टक्के तीन वर्षांनी हयात होते, हे उत्तर जगभरात वापरले गेले. एवढा काळ तग धरण्याची ताकद एका मोठ्या संस्थेकडे होती. जिल्ह्याच्या रुग्णालयात कोऑर्डिनेटरची नेमणूक प्रकल्पापुरती, मानधनावर, अकरा महिन्यांच्या करारांनी होते. प्रकल्प संपला की ती दुसरीकडे जाते, आणि कोणत्या रुग्णाचा फोन मुकादमाकडे आहे, कोणाची मुलगी कोणत्या गावात दिली आहे, ही माहिती तिच्याबरोबर जाते. नव्या माणसाच्या हातात उरते ती केवळ फाइल.

म्हणून सुरुवात कुठून करावी, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, नॅशनल कॅन्सर ग्रिडपासून करावी. कॅन्सर रुग्णालयांची ही जाळी २०१२ पासून अस्तित्वात आहे, तिच्यात ३०० हून अधिक केंद्रे आहेत, आणि औषधांची एकत्रित खरेदी करून किमती पाडण्याचे काम तिने करून दाखवले आहे. तिच्यामार्फत जिल्हास्तरावरील केंद्रांना ट्रायलनिहाय नव्हे, तर कायमस्वरूपी कोऑर्डिनेटरची पदे द्यावीत, म्हणजे ट्रायल्स येतील-जातील आणि माणूस राहील. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी यांची ओळ नसलेला प्रोटोकॉल अनुदानासाठी स्वीकारूच नये. स्कॅन रुग्ण असेल तिथल्या जवळच्या केंद्रात करण्याची मुभा आधीपासून लिहून ठेवावी. आणि रुग्ण हयात आहे की नाही एवढे कळण्यासाठी फोनांवर विसंबून राहू नये. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मृत्यूंचा राष्ट्रीय स्तरावरील माहितीसाठा तयार करण्याची तरतूद केली आहे, त्याच्याशी ट्रायलमधील रुग्णांची नोंद, त्यांच्या संमतीने, पडताळून पाहण्याची सोय संशोधकांना मिळाली पाहिजे. या शेवटच्या गोष्टीला इमारत लागत नाही, परदेश दौरा लागत नाही, म्हणूनच कदाचित तिचा आग्रह कोणी धरत नाही.

अमेरिकेविषयी आपण विचारलेच आहे. तिथे ट्रायल्स मिळून चालवणारे रुग्णालयांचे सहकारी गट १९५५ पासून आहेत, आणि तरीही २०१० मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीला लिहावे लागले की, एक ट्रायल आखून सुरू करायला सरासरी दोन वर्षे जातात आणि सुमारे ४० टक्के ट्रायल्स कधी पूर्णच होत नाहीत. म्हणजे यंत्रणा असणे पुरेसे नव्हते. २०१४ मध्ये त्यांनी गटांची संख्या कमी करून एक जाळे केले, याची आपल्याकडे फार चर्चा होते. त्याच वेळी त्यांनी भरपूर रुग्ण घेणाऱ्या केंद्रांना प्रत्येक रुग्णामागे मिळणारी रक्कम २,००० डॉलरवरून ४,००० डॉलर केली, याची चर्चा होत नाही. आणि लहान गावांतील रुग्णालयांना ट्रायल्समध्ये आणण्याचा त्यांचा स्वतंत्र कार्यक्रम १९८३ पासून चालू आहे, तो त्यांनी नव्या रचनेतही नव्या नावाने कायम ठेवला. लहान केंद्रांनी फक्त रुग्ण पाठवावेत, असे त्या देशाने ठरवलेले नाही. बैठकीतील डॉक्टरांनी प्रशिक्षण तिथेच घेतले होते, हे इथे नोंदवून ठेवते.

आता दुसरी बाजू, कारण ती न मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. एथिक्स कमिट्यांची भीती हवेतून आलेली नाही. खम्मम आणि वडोदरा इथे झालेल्या एचपीव्ही लसीच्या अभ्यासात खम्ममच्या वसतिगृहांतील मुलींच्या वतीने वॉर्डनच्या सह्या घेतल्या गेल्या, आणि त्यावर संसदीय समितीने २०१३ मध्ये कठोर शब्दांत लिहिले. ज्या उस्मानाबादच्या ट्रायलचे मी वर कौतुक केले, तिच्यातील तुलनेच्या गटातील स्त्रियांची तपासणी केली गेली नव्हती आणि त्यावर गंभीर आक्षेप घेतले गेले. ते मला पूर्णपणे खोडता येत नाहीत. गरीब माणूस सहज दाखल होतो म्हणून त्याला दाखल करणे, ही आपल्या क्षेत्रातील जुनी सवय आहे. मजुरी भरून देण्याच्या व्यवस्थेतही खोट्या पावत्या होतील, मध्यस्थ तयार होतील. म्हणून रक्कम किमान वेतनाइतकीच असावी, रुग्णाच्या बँक खात्यातच जावी, आणि ट्रायलमधून मधेच बाहेर पडणाऱ्याचीही आजवरची रक्कम अडवू नये. निरोगी स्वयंसेवकांवरील पहिल्या टप्प्याच्या चाचण्यांना हे काहीच लागू करू नये; तिथे पैसा हेच येण्याचे कारण असते आणि तिथली काळजी वेगळी आहे. लहान मुलांच्या आणि रक्ताच्या कॅन्सरमध्ये उपचाराच्या काळात कुटुंब महिनोन्‌महिने रुग्णालयाजवळ राहते, त्यामुळे अंदाजपत्रकात प्रवासाच्या आधी खोलीभाड्याची ओळ धरावी लागेल.